अहवालाचा दूरस्थ वाचक : एक टीका

कंपनीच्या अंतर्गत डेटाबेसमधून निघणारे अहवाल घरी बसून काम करणाऱ्या सेवकवर्गास इंटरनेटवरून पाहू द्यावेत की नाही, हा वाद मार्च २०२० च्या टाळेबंदीने व्यवहारात निकालात काढला. नोव्हेंबर २०२० मध्ये भारत सरकारच्या दूरसंचार विभागाने दूरध्वनी-सेवाकेंद्रे आदी संस्थांवरील घरून काम करण्यासंबंधीचे निर्बंध बरेच सैल केले. त्यानंतर चर्चा उरली ती केवळ साधनांची : व्हीपीएन असावे की ब्राउझरमधून उघडणारे संकेतस्थळ, ओळख एकदा पटवावी की दोनदा. ही चर्चा आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु तिच्या मुळाशी एक गृहीत दडलेले आहे. ज्याला अहवाल उघडता आला त्याला तो वाचताही आला, हे ते गृहीत होय. ते भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरत नाही, एवढेच प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

आजच्या बहुसंख्य डेटाबेसांची तात्त्विक बैठक आयबीएमच्या सान होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांच्या जून १९७० मधील निबंधात आहे. विदा यंत्रात कशी रचली आहे हे जाणून घेण्याचा भार वापरणाऱ्यावर पडू नये, ही त्या निबंधाची आरंभीचीच भूमिका. ती यथार्थ ठरली. आज अहवाल वाचणाऱ्यास चकतीवरील मांडणीची वार्ताही नसते. मात्र यंत्राच्या रचनेपासून मुक्त झालेला वाचक कचेरीच्या रचनेपासून मुक्त झालेला नाही, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. ‘प्रलंबित’ म्हणजे कोणाच्या टेबलावर प्रलंबित, ‘चालू ग्राहक’ म्हणजे किती महिन्यांत खरेदी केलेला, हे अहवालात लिहिलेले नसते. ते शेजारच्या खुर्चीवरील माणसास ठाऊक असते.

आपल्या शास्त्रकारांना हा प्रश्न नवा नव्हता. ‘सैन्धव’ आणावयास सांगितले असता मीठ आणावे की घोडा, हे शब्दावरून नव्हे, प्रकरणावरून ठरते, हे उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांस परिचित आहेच. मालिनोव्हस्की यांनी १९२३ साली ऑग्डेन व रिचर्ड्स यांच्या ग्रंथास जोडलेल्या निबंधात प्रसंगसंदर्भाची जी कल्पना मांडली, तिचा रोखही हाच आहे. कचेरीतील अहवालास प्रकरण पुरविते ती कचेरी. वाचक दूर गेला की अहवाल त्याच्यापर्यंत पोहोचतो, प्रकरण मागेच राहते.

याचे पहिले उदाहरण रिकाम्या रकान्याचे घेऊ. समजा, थकबाकीच्या अहवालात तीन ग्राहक आहेत. पहिल्यापुढे १०० रुपये, दुसऱ्यापुढे २०० रुपये आणि तिसऱ्यापुढे काहीच नाही. एसक्यूएल भाषेत या रिकामेपणास ‘नल’ म्हणतात व सरासरी काढताना तो वगळला जातो. म्हणून सरासरी १५० येते. तेथे शून्य असते तर ती १०० आली असती. तिसऱ्या ग्राहकाची बाकी नाही, की त्याचे बिलच निघाले नाही, की निघालेले बिल नोंदविले गेले नाही? पाणिनीने लोपास ‘अदर्शन’ म्हटले खरे, परंतु न दिसणारा प्रत्यय कोणते कार्य करतो तेही सूत्राने बांधून दिले. आमच्या अहवालांत अदर्शन आहे, सूत्र नाही.

दुसरे उदाहरण काळाचे. ब्यूलर यांनी १९३४ साली ‘मी, येथे, आता’ या तीन शब्दांना निर्देशाचा आरंभबिंदू मानले. कचेरीत हा बिंदू सर्वांचा एकच असतो. सर्व्हर मात्र पुष्कळदा यूटीसी वेळ पाळतो आणि ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे आहे. १ एप्रिलला पहाटे तीन वाजता पुण्यात केलेली नोंद तेथे ३१ मार्चच्या रात्री साडेनऊची ठरते. वेळेचे रूपांतर न करता अहवाल काढल्यास ती मागील आर्थिक वर्षात जाऊन बसते. आकडा खोटा नाही, ‘आज’ कोणाचा एवढेच सांगावयाचे राहिले आहे.

तिसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. सुरक्षिततेसाठी प्रत्येकास त्याच्या अधिकारातील ओळीच दाखविण्याची सोय २०१६ साली एसक्यूएल सर्व्हर व पोस्टग्रेस या दोहोंत आली. सोय उत्तम आहे. परंतु गाळणी निमूटपणे काम करते, काय गाळले ते सांगत नाही. परिणामी नागपूरचा सेवक व मुंबईचा व्यवस्थापक एकाच शीर्षकाचा अहवाल उघडतात आणि ‘एकूण’ या एकाच शब्दापुढे निरनिराळे आकडे वाचतात. हे दोघे एका खोलीत असते तर तफावत क्षणात उघडकीस आली असती. दूर असल्यामुळे प्रत्येक जण आपल्या आकड्यावर विसंबून पुढचा कागद तयार करतो आणि चूक निघाली म्हणजे दोष ज्याने वाचले त्याच्या माथी येतो, ज्याने लिहिले त्याच्या नव्हे.

यावर असा आक्षेप येईल की शंका असल्यास दूरध्वनी करावा. परंतु विचारण्यासाठी आधी शंका यावी लागते, आणि ‘एकूण’ या शब्दाविषयी कोणास शंका येते? शिवाय टाळेबंदीच्या काळात नोकरीस लागलेल्या अनेकांनी कचेरीचा उंबरठाही ओलांडला नव्हता. कोणास विचारावे हेच त्यांना ठाऊक नसणार. दुसरा आक्षेप असा की, एवढे स्पष्टीकरण दिल्यास ते आगंतुकाच्याही हाती पडेल. त्याचे उत्तर मजबूत कुलूप हे आहे, दुर्बोध अहवाल हे नव्हे. दुर्बोधतेचा जाच चोरापेक्षा घरच्या माणसासच अधिक होतो.

तेव्हा मागणी माफक आहे. अहवालाच्या माथ्यावर त्याची वेळ कोणत्या प्रमाणाची आहे ते असावे. वाचकास त्यातील किती भाग दिसतो आहे ते असावे. प्रत्येक रकान्याची व्याख्या व रिकामेपणाचा अर्थ एका टिचकीवर मिळावा, आणि शंकेसाठी एका जबाबदार पदाचा उल्लेख असावा. हे काम संगणकतज्ज्ञाने एकट्याने करावयाचे नाही. संज्ञा निश्चित करणे, संदिग्धता हुडकणे, अध्याहृत ते शब्दांत आणणे, ही आपल्या अभ्यासविषयाची नित्याची कामे आहेत. परिभाषेच्या प्रश्नावर आपण आजवर प्रतिशब्द घडविण्यापुरता विचार पुष्कळ केला. रूढ झालेला शब्द प्रत्यक्ष कागदावर कोणापर्यंत कोणता अर्थ पोहोचवितो, हे तपासण्याचे काम अजून पुष्कळसे व्हावयाचे आहे, आणि त्यासाठी कचेरीतील एखादा साधा अहवालही पुरेसा आहे.