सहा बाजूंचा ताळेबंद

पुस्तकांची परीक्षणं लिहिणारे आपल्याकडे उदंड आहेत. खेळण्यांची परीक्षणं कुणी लिहीत नाही. मुलं ती करतात, पण तोंडी, आणि बहुधा खेळणं आपटून. म्हणून रुबिकचा तो रंगीत ठोकळा, ज्याला सगळेजण नुसतं ‘क्यूब’ म्हणतात, त्याचं रीतसर परीक्षण करण्याचं मी मनावर घेतलं आहे. माझी पात्रता विचाराल, तर वाणिज्य शाखेची पदवी आणि वीस वर्षांची बँकेतली कारकुनी. दोन्हीकडे काम एकच : जे जुळत नाही ते जुळवत बसणं.

आधी कर्त्याविषयी. एर्नो रुबिक हे बुडापेस्टमधले वास्तुरचनेचे शिक्षक. १९७४ साली त्यांनी हा ठोकळा तयार केला, चार वेळा इकडेतिकडे फिरवला आणि मग पूर्ववत करायला बसले. त्याला महिन्यावर वेळ लागला. आपलीच कृती आपल्याला न उलगडणं हा प्रकार आपल्याकडे फक्त नवकवितेत आढळतो.

१९८० साली क्यूब जगाच्या बाजारात उतरला आणि दोन वर्षं जगाला दुसरं काही सुचेना. १९८१ मध्ये पॅट्रिक बॉसर्ट नावाच्या एका इंग्रज शाळकरी पोरानं तो सोडवायचं पुस्तक लिहिलं. त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. (मराठी लेखकांनी हे वाक्य सोडून पुढं जावं.) १९८२ साली बुडापेस्टला जागतिक स्पर्धा झाली, मिन्ह थाई या तरुणानं २२.९५ सेकंदांत क्यूब सोडवून ती जिंकली. आणि मग वर्षभरात लाट ओसरली. क्यूब जगभरच्या कपाटांवर, मोडक्या छत्रीशेजारी जाऊन बसले.

आता कृतीकडे वळू. क्यूबच्या एकूण मांडण्या किती होतात? आकडा वीस अंकी आहे : सुमारे ४ लाख ३२ हजार कोटी कोटी. आमच्या व्हाउचरवर एवढे अंक लिहायला रकानाच नाही. यातली बरोबर मांडणी एक! पण कर्त्याची दयाबुद्धी अशी, की पाच बाजू जुळल्या की सहावी आपोआप जुळते. बँकेत हे कधी घडलेलं मी पाहिलेलं नाही. तिथं पाच बाजू जुळल्या की सहावीत दहा पैशांचा फरक येतो आणि सगळी शाखा रात्री आठपर्यंत थांबते.

शिवाय क्यूबला लबाडी खपत नाही. रंगांचे कागद सोलून सोयीनं चिकटवणारे महाभाग प्रत्येक वाड्यात होते. काहीजण ठोकळा उचकटून पुन्हा जोडायचे. पण सुटे भाग वाटेल तसे जोडले, तर बारांपैकी एकाच वेळी तो सुटण्याजोगा राहतो. उरलेल्या अकरा वेळी साक्षात रुबिक आले तरी हात टेकतील. असा कडक ऑडिटर मी दुसरा पाहिला नाही.

इथवर स्तुती झाली. तक्रार आहे ती क्यूबच्या आठवणी काढणाऱ्यांबद्दल. माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठी मंडळी जमली की, ‘आमच्या वेळची खेळणी बघा, डोक्याला खुराक होता!’ असं म्हणून उसासा टाकतात. खुराक होता, कबूल. पण जेवले किती? बहुतेकांची एक बाजू जुळली, तीही पांढरी, आणि ती शेजाऱ्यांना दाखवून झाल्यावर उरलेल्या पाच बाजू देवावर सोडल्या. हळहळ त्या प्लॅस्टिकची चालली आहे.

खरी हळहळ कशाची वाटावी, ते आमच्या सांगलीच्या धाकट्या काकांच्या वहीवरून कळतं. काका कारकून. पुस्तक मिळालं नाही, शिकवणारा नाही. त्यांनी १९८२ च्या जुन्या डायरीत स्वतःची रीत बसवली. खुणाही स्वतःच्याच : ‘व’ म्हणजे वरचा थर, ‘उ’ म्हणजे उजवा, उलटा फिरवायचा असेल तर अक्षराखाली टिंब. चुकलेल्या चाली खोडलेल्या, पण वाचता येतील अशा. काका गेले, वही माळ्यावर गेली. परवा चुलतभावानं रद्दी काढताना तिची पानं मोबाइलवर घरच्या ग्रुपमध्ये टाकली. सगळ्यांनी हात जोडले, दोघांनी फुलं वाहिली.

माझी मुलगी आठवीत आहे. व्हिडिओ बघून ती मिनिटाच्या आत क्यूब सोडवते. तिनं मात्र ती पानं घेऊन क्यूब फिरवायला सुरुवात केली. अर्धा तास लागला. म्हणाली, “बाबा, खूप लांबची रीत आहे, पण बरोबर आहे. त्यांना शिकवलं कुणी?”

“कुणी नाही.”

यावर ती पुष्कळ वेळ गप्प होती. आमच्या घरात ही घटना दुर्मीळ आहे.

अशाच एका वहीनं क्यूबला दुसरा जन्म दिला. जेसिका फ्रिड्रिक यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, चेकोस्लोव्हाकियात असताना, आपली झटपट रीत बसवली होती. लाट ओसरून चौदाएक वर्षं झाल्यावर, १९९७ साली, त्यांनी ती इंटरनेटवर ठेवली. जगभरच्या पोरांनी ती उचलली. २००३ साली टोरांटोत पुन्हा जागतिक स्पर्धा भरली आणि २०२३ साली मॅक्स पार्कनं ३.१३ सेकंदांत क्यूब सोडवला. एवढ्या वेळात आमचा शिक्का शाईच्या पॅडवरून कागदापर्यंतसुद्धा पोचत नाही.

वेगाला माझी हरकत नाही. पण तयार चाली पाठ करून सोडवलेला क्यूब आणि काकांचा क्यूब, रंग तेच असले तरी, एकाच खात्यात जमा करायला माझा हात धजत नाही. एकानं वेळ वाचवला, दुसऱ्यानं रीत शोधली.

तेव्हा शिफारस अशी : क्यूब जरूर घ्यावा. सोबत एक कोरी वही घ्यावी. महिनाभर व्हिडिओ बघू नये. खुद्द रुबिकना लागला तेवढा वेळ आपल्याला लागायला हरकत नसावी. आणि वही रद्दीत घालण्यापूर्वी घरातल्या आठवीतल्या माणसाला दाखवावी.