कथेचा उपयोग
सलमान रश्दी यांच्या १९९० सालच्या ‘हारून अँड द सी ऑफ स्टोरीज’ या अद्भुतरम्य कादंबरीत कथेकरी बापाला मुलगा विचारतो की, खऱ्या नसलेल्या गोष्टींचा उपयोग काय? बापाची वाणी आटते. मुलगा कथासागर गाठून त्यात विष कालविणाऱ्या दुष्टास जिंकतो. कल्पकता मोहक खरी. परंतु हे उत्तर पराक्रमाचे झाले, श्रद्धेचे नव्हे. डहाणू तालुक्यात, रानशेतच्या बाजूस, वारली लग्नघरी सवाशिणी तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहितात, धवलेरी देवांच्या कथा गाते. त्या कथांवाचून लग्न अडते. हाच त्यांचा उपयोग. असे अडणे कादंबरीत कोठेच नाही. तरीही मुलांच्या हाती ती अवश्य द्यावी. तिच्यातील प्रश्न उत्तराहून थोर आहे.