कोडीची वेदिका, नंदिकाचं काम

काही वर्षांपूर्वी मी एका भित्तिचित्राचं परीक्षण लिहिलं होतं. कलाकार जोडपं, एका गावातल्या शाळेची लांबलचक भिंत, महिनाभर राबलेली मुलं आणि बायका. लेख प्रसिद्ध झाल्यावर परत वाचला, तेव्हा दिसलं की नवऱ्याचं नाव पाच वेळा आलंय. बायकोचं एकदाच, तेही 'पत्नीच्या साथीनं' अशा शब्दांत. गावातल्या एकाचंही नाव नव्हतं. कुणी तक्रार केली नाही, म्हणून ते जास्त टोचत राहिलं.

यंदा कार्ल्याच्या लेण्यात गेलो, ते हे ओझं घेऊनच. मळवलीला उतरायचं, एकवीरेच्या भक्तांच्या रांगेसोबत पायऱ्या चढायच्या, देवळाच्या मागे चैत्यगृहाचं तोंड. सार्वजनिक कला म्हटलं की आपल्याला चौकातला पुतळा आठवतो. पण लोकांनी मिळून घडवलेली सार्वजनिक कला बघायची, तर मावळात दोन हजार वर्षं जुना नमुना उभा आहे. मावळ हे नावही जुनंच. इथल्याच एका लेखात 'मामाल' प्रांताच्या अधिकाऱ्याला आज्ञा दिलेली आहे.

आत ३७ खांब. अनेकांवर दात्यांची नावं, त्यांत धेनुकाकटचे यवनही. म्हणजे एका राजाच्या खजिन्यातून नव्हे, खांबाखांबानं हे घर उभं राहिलं. पण मला थांबवलं ते एका छोट्या लेखानं. भिक्षुणी कोडी, घुणिकाची आई, हिनं वेदिका दिली. ती नंदिकानं केली. देणारी आणि करणारा, दोघंही एकाच ओळीत. दुसरा लेख सांगतो की धेनुकाकटच्या सामिन नावाच्या सुतारानं, वेणुवासाच्या मुलानं, 'घराचं मुख' केलं. दगडातल्या लेण्याचं दार, आणि नाव सुताराचं! यात विसंगती नाही. हे लेणं लाकडी बांधकामाची दगडातली आठवण आहे. छताला सागवानी फासळ्या आजही आहेत, म्हणजे सुताराशिवाय ते पुरं होणारच नव्हतं.

याला उगाच सुवर्णयुग म्हणू नये. कोडीची ओळख तिच्या मुलावरून होते. दगडाचे तुकडे टोपल्यांतून वाहून नेणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत. आणि ओसरीतच वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख आहे: हे जंबुद्वीपातलं सर्वोत्तम शैलगृह आपण पूर्ण केलं, असं तो सांगतो. एका वाक्यात सगळं घर त्याचं. उद्घाटनाच्या संगमरवरी पाटीचा हाच पूर्वज. पुढे काही शतकांनी, दर्शनी भिंतीवरच्या देखण्या स्त्रीपुरुष जोड्यांच्या मध्ये बुद्धप्रतिमा कोरल्या गेल्या. लोकांची कला लोक बदलतातही. ते तिच्या जिवंतपणाचं लक्षण मानायचं की जुन्या हातांवरची कुरघोडी, यावर माझं अजून ठरलेलं नाही.

ठरलंय ते एवढंच. एकाच ओसरीत श्रेय देण्याच्या दोन रीती शेजारी शेजारी आहेत. भूतपालाची रीत कृती मोठी करते. कोडी-नंदिकाची रीत ती कशी झाली ते सांगते. परीक्षणाचं काम दुसरं आहे, आणि मी पहिलं केलं होतं. 'साथीनं' हा शब्द दिसायला प्रेमळ, पण त्यात माणूस वाहून जातो. त्या दोघांत रेषा कुणाची, रंग कुणाचा, गावाशी बोलणं कुणाचं, हे मी विचारलंच नव्हतं. ते न विचारता चित्राचं मूल्यमापन कसलं?

घरी येऊन त्या चित्रकर्तीला फोन केला. माफी मागितली आणि नावांची यादी मागितली. ती हसली, म्हणाली, "वहीत आहे, पाठवते." यादी आली. सगळ्यात वर तिचंही नाव नव्हतं, त्याचंही नव्हतं. भिंतीला गिलावा करणाऱ्या गवंड्याचं होतं.