अणू, रेणू आणि क्षार

रसायनशास्त्राचे शब्द संस्कृतातून घेतले, म्हणजे ते सर्व भारतीयांस सारखेच कळतील, ही समजूत आपल्याकडे दृढ आहे. शालेय पुस्तकांतील मराठी परिभाषा बारकाईने पाहिली असता ती फोल ठरते.

मराठीत मूलद्रव्याचे गुण राखणारा सर्वांत लहान कण तो अणू, व अणूंच्या संयोगाने होतो तो रेणू. हिंदी, गुजराती व कन्नड या भाषांत मात्र पहिल्यास परमाणु व दुसऱ्यास अणु म्हणतात. मग इंदूर, बडोदे किंवा बेळगाव येथील मराठी घरातला मुलगा ‘पाण्याचा अणू’ म्हणाला, तर शेजारच्या भाषेत तो बरोबर आणि घरच्या भाषेत चूक! मराठीत पाण्याचा रेणू असतो. त्यात हायड्रोजनचे २ व ऑक्सिजनचा १ अणू.

वैशेषिकांकडे पाहू गेल्यास कौल शेजाऱ्यांच्या बाजूने पडतो. अविभाज्य तो परमाणू, दोन परमाणूंचे द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक, अशी त्यांची मांडणी. कवडशात तरंगणाऱ्या त्र्यणुकालाच त्रसरेणू असेही नाव आहे. तेव्हा आपला ‘रेणू’ अगदीच निराधार नव्हे. परंतु डोळ्यांस दिसणाऱ्या धूलिकणाचे नाव अदृश्य कणास दिले, हे वैगुण्य उरतेच.

‘क्षार’ या शब्दाची गत अधिक वाईट. सुश्रुतसंहितेत वनस्पतींची राख पाण्यात कालवून, गाळून व आटवून क्षार सिद्ध करण्याचा विधी आहे. तो दाहक; आजच्या भाषेत अल्कली. त्याचा दाह आम्लाने शमतो, हेही तेथेच सांगितले आहे. हिंदीने हा अर्थ राखला आणि मिठाच्या वर्गास लवण म्हटले. मराठीत मात्र आम्ल व आम्लारी यांच्या अभिक्रियेतून पाण्याबरोबर जो पदार्थ होतो, तोच क्षार. ज्याचे शमन करावयाचे, त्याचेच नाव शमनानंतरच्या पदार्थास!

याउलट ‘चुन्याची निवळी’ हा शब्द पाहावा. ती कार्बन डायऑक्साइडने दुधाळ होते, हे वाचताना पानाच्या डब्यातला चुना ठाऊक असलेल्या मुलास कोश उघडावा लागत नाही.

रूढ झालेले शब्द मोडावेत, असे आमचे म्हणणे नाही. मात्र महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलांच्या हाती पडणाऱ्या पुस्तकांत शेजारभाषेतील प्रतिशब्द धड्याखाली अवश्य छापावेत. शब्दाचे कूळ एक असल्याने अर्थ एक होत नाही. तो सांगावाच लागतो.