'ती' की 'तो'? : एका आत्मकथेविषयी

फ्रान्समधील एर्क्यूलिन बार्बें (१८३८-१८६८) हिच्या आठवणी मिशेल फूको यांनी १९७८ साली पुन्हा प्रकाशात आणल्या. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या या शिक्षिकेचा देह स्त्री-पुरुष दोहोंची लक्षणे घेऊन जन्मला होता. गर्भात पहिले सहा आठवडे दोन्ही शक्यता असतात. पुढची घडण क्वचित वेगळी वाट धरते. यात पाप कुणाचेच नाही.

फूको यांना तिचे कॉन्व्हेंटचे दिवस मुक्त, सुखाचे वाटतात. मला हे पटत नाही. त्याच पानांत तिची लाज आणि भय आहे. १८६० साली न्यायालयाने तिला पुरुष ठरविले. नोकरी आणि प्रेम दोन्ही दुरावले. पुढे पॅरिसमध्ये तिने जीवन संपविले. निवेदनात ती कधी स्त्रीलिंगी, कधी पुल्लिंगी रूपे वापरते. 'मी आले' की 'मी आलो', हा पेच मराठी वाचकाला सहज उमगेल. या परीक्षणातील 'ती'देखील एक निवाडाच आहे.

प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेले गुपित वैद्यापुढे मांडण्यासाठी ला रोशेलच्या बिशपांनी तिचीच अनुमती मागितली. पुस्तकातील हा प्रसंग मला मोलाचा वाटतो. जिवाला धोका नसेल, तर अशा बालकावर शस्त्रक्रियेची घाई कशाला? उत्तर देण्याइतके ते मोठे होईपर्यंत थांबणे, हेच त्याला विचारणे होय.