कॅबर्नेचा बांधा, शिराझची मिरी आणि माझं नाक

वाइन पिणाऱ्यांमध्ये एक वाक्य इतक्या वेळा फिरतं की ते कुणी तपासायच्या फंदात पडत नाही. कॅबर्ने सोव्हिन्यॉन म्हणजे बांधा, शिराझ म्हणजे चव. एक ताठ आणि शिस्तीची, दुसरी गोल, मसालेदार, पटकन मैत्री करणारी. नाशिकच्या एखाद्या वायनरीत चव घ्यायला गेला असाल तर हे ऐकलंच असेल. लाल द्राक्षांतली वासाची आणि तुरटपणाची रसायनं हा माझा पीएचडीचा विषय (नातेवाइकांना मी नुसतं ‘द्राक्षं’ एवढंच सांगते), आणि तीन वर्षं मीही हे वाक्य बिनदिक्कत वापरलं. आता ते मला अर्धंच खरं वाटतं. उरलेल्या अर्ध्यात माझी स्वतःची एक चूक आहे, ती पुढे सांगते.

आधी बांध्याचं बघू. वाइनचा बांधा म्हणजे मुख्यतः तुरटपणा, आंबटपणा आणि अल्कोहोलची ऊब. त्यातला तुरटपणा टॅनिनमुळे येतो. द्राक्षाच्या सालीतली आणि बियांतली टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ राठ होते. आयुर्वेदानं तुरट हा सहा रसांपैकी एक मानला. आजचं शरीरशास्त्र त्याला चवीपेक्षा स्पर्शात जास्त धरतं. पण अनुभव तोच. सुपारी, कच्चं केळं, भरपूर उकळलेला कोरा चहा, मूठभर जांभळं. तुम्हाला टॅनिन आधीपासून माहीत आहे, फक्त नाव नवीन.

कॅबर्नेचा मणी लहान, साल जाड. म्हणजे रसाच्या मानाने साल आणि बी जास्त, म्हणून तुरटपणाही सढळ. इथपर्यंत लोक म्हणतात ते बरोबर आहे. गंमत पुढे आहे. नुसत्या कॅबर्नेचा घोट सुरुवातीला भरदार लागतो, शेवटी हिरड्यांवर घट्ट बसतो, आणि मधे मात्र काहीतरी निसटल्यासारखं होतं. मेदूवड्यासारखं, कडा खमंग आणि मधे भोक. शिराझ नेमकी तिथे भरलेली असते. व्यापाऱ्यांना हे प्रयोगशाळांच्या आधीपासून कळलेलं होतं. एकोणिसाव्या शतकात बोर्दोचे व्यापारी आपल्या वाइनला भर यावी म्हणून ऱ्होन खोऱ्यातल्या हर्मिटेजची सिरा (शिराझचंच फ्रेंच नाव) तीत मिसळत. ऑस्ट्रेलियात पेनफोल्ड्सची ‘बिन ३८९’ १९६० पासून याच जोडीवर उभी आहे. आपल्याकडेही कॅबर्ने-शिराझ मिश्रण सर्रास मिळतं.

मग शिराझला बांधा नाही का? असं म्हणणाऱ्याला मी ऱ्होनमधल्या कॉर्नासची कोवळी सिरा पाजेन. द्राक्ष तेच, पण घोट असा करकरीत की कॅबर्ने मऊ वाटावी. द्राक्ष किती पिकलं, साल रसात किती दिवस राहिली, बॅरल कसलं, यावर बांधा बराच ठरतो. आपल्या मनातली ‘मऊ शिराझ’ ही खरं तर ऑस्ट्रेलियातल्या उन्हात पिकलेली शिराझ आहे. एका प्रदेशाची शैली आपण द्राक्षाचा स्वभाव म्हणून पाठ केली.

आता वास. इथे दोघींची जात खरोखर वेगळी निघते. कॅबर्नेत मेथॉक्सिपायराझिन गटातला एक रेणू असतो, हिरव्या ढोबळी मिरचीत असतो तोच. जॉन बॉवर्स आणि कॅरोल मेरेडिथ यांनी १९९७ मध्ये डीएनएवरून दाखवलं की कॅबर्ने सोव्हिन्यॉन ही कॅबर्ने फ्राँ आणि सोव्हिन्यॉन ब्लाँ यांची संतती. दोन्ही पालकांत हा हिरवा वास आहे, तेव्हा लेकीत आला यात नवल नाही. ऊन आणि उष्णता मिळाली की तो पिकताना उतरत जातो.

शिराझचा खास रेणू म्हणजे रोटंडोन. काळ्या मिरीला मिरीचा वास देणारा. वाइनमधल्या मिरीचं हे कोडं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये सोडवलं. पाण्यात लिटरला ८ नॅनोग्रॅम एवढाही तो नाकाला कळतो. ऑलिम्पिकच्या मापाच्या तरणतलावात, म्हणजे २५ लाख लिटर पाण्यात, २० मिलिग्रॅम टाकलं तरी पुरे. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. सुमारे एकपंचमांश लोकांना हा वास कितीही वाढवला तरी येतच नव्हता.

त्या एकपंचमांशात मी आहे.

मला ते गेल्या वर्षी कळलं. आमच्या चव-वास चाचणीत समोर तीन ग्लास होते, दोनांत साधं पाणी, एकात रोटंडोन. वेगळा ग्लास ओळखायचा. मी चुकले, परत चुकले. मात्रा वाढवली. शेजारची मैत्रीण ग्लास दूर सारत म्हणाली, “अगं, हे तर मिरीचं पोतं आहे!” मला तीन ग्लास पाणी दिसत होतं आणि तीन ग्लास पाणीच लागत होतं. मिरीचा तिखटपणा मला नेहमीच कळत आला, कारण तो पायपरिनचा, म्हणजे झोंबण्याचा मामला. त्यामुळे आपल्याला मिरी ‘येते’ असंच मी समजून चालले होते.

घरी येऊन जुनी वही काढली. शिराझच्या पानांवर माझ्याच अक्षरात: ‘गोड फळ, सरळसोट, थोडी कंटाळवाणी.’ कॅबर्नेला मात्र ‘गुंतागुंतीची’ म्हणून भरघोस गुण. साहजिकच आहे. ढोबळी मिरची मला लख्ख येते. एकीची पूर्ण वाइन पीत होते, दुसरीची खूण वगळून उरलेली.

मार्गदर्शक बाईंनी शांतपणे मिरीच्या रकान्यातले माझे गुण काढून टाकले. ते सोपं होतं. ‘गुंतागुंत’ या रकान्यातल्या माझ्या गुणांचं काय करायचं, यावर मात्र आमचे दोन महिने गेले. शेवटी शिराझचे सगळे नमुने मला वगळून पुन्हा चाखले गेले आणि माझं एक प्रकरण नव्यानं लिहावं लागलं.

म्हणून आता लेबलांवरचा माझा राग वाढला आहे. जवळजवळ प्रत्येक शिराझवर काळी मिरी छापलेली असते. रोटंडोन थंड जागी, थंड वर्षी जास्त होतं आणि घड तापले की घटतं. मग प्रत्येक मळ्यात, प्रत्येक साली तीच मिरी कशी? आणि ज्यांना ती येत नाही, ते बिचारे आपलीच जीभ अडाणी म्हणून गप्प बसतात. समीक्षकांपैकीही पाचातल्या एकाची ही गत असू शकते, पण गुण देताना ते कुणी सांगत नाही.

तुम्ही घरी करून बघा. दोन्ही बाटल्या अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, कारण मार्चमधलं पुण्याचं ‘रूम टेंपरेचर’ वाइनसाठी नसतं. नाक चिमटीत धरून घोट घ्या. तुरट, आंबट, थोडं कडू, घशात ऊब, एवढंच उरेल. तो बांधा. मग नाक सोडा. जे धावत येईल ते वासाचं. डोळे मिटून आणि नाक धरून कुठली कॅबर्ने, कुठली शिराझ हे दर वेळी बरोबर सांगणारा मला अजून भेटलेला नाही.

तुरटपणाच्या चाचणीत मी अजूनही बसते, तिथे माझे गुण चालतात. शिराझचे ग्लास आले की मैत्रीण आधी वास घेते आणि मला सांगते. परवा म्हणाली, खलबत्त्यात मिरी कुटून काढल्यावर मागे जो राहतो ना, तो. आमच्या घरी खलबत्ता आहे. मी जाऊन हुंगला. मला दगडाचा वास आला.