वाचकाचा अभिप्राय

कादंबरी वाचून मिटली, कीं वाचकाचें काम संपलें, असें मानणारे पुष्कळ आहेत. आम्हांस तें मान्य नाहीं. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून त्यांच्याच ‘करमणूक’ पत्रांत क्रमशः येऊं लागली. यमू तींत स्वतःच आपली कहाणी सांगते, आणि कादंबरीचें नांवच वाचकास विचारलेला प्रश्न आहे. त्याचें उत्तर मनांतल्या मनांत ठेवून कसें चालेल?

विधवा यमूचें केशवपन बळजबरीनें होतें, तो भाग वाचून आम्हीं सारा राग शंकरमामंजींवर काढला होता. तसें एका स्नेह्यांजवळ बोलून दाखवितांच त्यांनीं शांतपणें विचारलें, “एकट्या माणसास एवढें बळ आलें कोठून?” आम्हीं पुस्तक पुन्हां उघडलें. तेव्हां त्या एका माणसाच्या पाठीशीं उभी असलेली रूढि आम्हांस प्रथमच स्पष्ट दिसली.

कादंबरी आवडली किंवा नावडली, एवढें सांगणें म्हणजे अभिप्राय नव्हे. कोणत्या प्रसंगानें मन हेलावलें, कोठें लेखकावरचा विश्वास डळमळला, हें पानावर बोट ठेवून सांगावें. आणि दुसऱ्याचें ऐकून आपलें मत पुन्हां तपासून पाहावें. वाचतांना आलेले अश्रु खरे असतात, परंतु तेवढ्यानें परीक्षण होत नाहीं. आमचा राग आमचाच होता. तो कोठें रोखावा, हें मात्र आम्हांस दुसऱ्या वाचकानें शिकविलें.